टाकीवरचे गुरुजी

वाडीत नवखा माणूस शाळा विचारत आला की पोरं त्याला पत्र्याची इमारत दाखवतात. गुरुजी विचारले की पाण्याची टाकी दाखवतात. टाकीच्या माथ्यावर, काखेत हजेरीपट आणि वर केलेल्या हातात मोबाइल अशा अवस्थेत, पश्चिमेकडे तोंड करून "आली, आली, आली… गेली" असं पुटपुटणारा जो इसम दिसतो, तो तालुक्यातला नावाजलेला तंत्रस्नेही शिक्षक असतो. त्याच्या स्वतःच्या शाळेत इंटरनेट नसतं. पण ही बाब त्याच्या लौकिकाच्या आड कधीच आलेली नाही.

हा माणूस एका गावचा नव्हे. भोर, पाटण, जव्हार, धडगाव, चिखलदरा, भामरागड, जिथे जिथे डोंगर दाट आणि टॉवर विरळ, तिथे तिथे तो सापडतो. कुठे टाकीवर, कुठे देवळामागच्या कातळावर, कुठे खिंडीतल्या एसटी थांब्याच्या छपरावर. दोन मोबाइल, तीन सिम, एक पॉवर बँक आणि शर्टाच्या खिशातून निघून बाहीत शिरणारी एक वायर, एवढ्या खुणांवर त्याला कुठेही ओळखावं.

त्याला तंत्रस्नेही कोणी केलं याची तारीखही सांगता येते. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव तेव्हा सगळीकडे झालं होतं, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा भरू लागल्या. अशाच एका कार्यशाळेत साहेबांनी विचारलं, "पीपीटी कोणाला येते?" आमच्या गुरुजींनी हात वर केला. सरकारी नोकरीत हात एकदाच वर करायचा असतो. तो खाली घ्यायची तरतूद कुठल्याही निर्णयात नाही. गुरुजींचा हात तेव्हापासून वरच आहे. आता त्यात मोबाइल आहे, इतकंच.

तेव्हापासून केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या लॉगिनांचं पालकत्व त्यांच्याकडे आलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले मुख्याध्यापक त्यांना रात्री साडेनऊला फोन करतात.

"सर, साइट म्हणतेय कॅप्चा चुकला."

"मोठं अक्षर मोठंच टाका, गुरुजी."

"मोठंच टाकलं."

"मधलं शून्य आहे की ओ?"

"आता ते मी कसं सांगू? त्याच्यावर काट मारलीय."

"काट सगळ्यांवरच असते. आधी शून्य टाकून बघा. नाही झालं तर ओ."

"आणि दोन्ही नाही झालं तर?"

"तर सर्व्हर डाऊन आहे. झोपा."

हे शेवटचं वाक्य गुरुजी ज्या मायेने म्हणतात, ती माया डॉक्टरांनीही शिकून घ्यावी. सर्व्हर डाऊन आहे म्हणजे आपलं चुकलेलं नाही, हा दिलासा या माणसाने तालुक्यातल्या किती घाबऱ्या जिवांना दिला असेल!

त्यांच्याकडे एक डायरी असते. शिक्षक पतसंस्थेने दिवाळीला वाटलेली, वर गणपतीचं चित्र, कडा तेलकट. आत पतसंस्थेच्या हप्त्यांचा हिशोब एका बाजूला आणि उलटीकडून सुरू केलेले केंद्रातल्या सगळ्या शाळांचे पासवर्ड दुसऱ्या बाजूला. पासवर्ड गुप्त ठेवावा अशी सूचना प्रत्येक पोर्टलवर असते. तो गुप्तच आहे. गावाचं नाव, पुढे तो वेटोळ्यातला इंग्रजी ए, पुढे एक-दोन-तीन-चार. प्रत्येक शाळेचा असाच असल्यामुळे कोणाचा कोणता हे ओळखणं बाहेरच्या माणसाला फारच अवघड जातं.

खरी परीक्षा ओटीपीची. शाळेच्या लॉगिनला जो मोबाइल नंबर जोडलाय तो आधीच्या मुख्याध्यापकांचा. ते निवृत्त होऊन पनवेलला मुलाकडे राहायला गेले. नंबर बदलायचा अर्ज दिलेला आहे, पण तो अर्ज मंजूर व्हायला जुन्या नंबरावर ओटीपी जातो. मग गुरुजी टाकीवरून पनवेलला फोन लावतात.

"दादा, ओटीपी आला का बघता?"

"अरे वा, तू का! कसा आहेस? पाऊस आहे का तिकडे?"

"आहे, दादा. ओटीपी…"

"थांब, चष्मा शोधतो. ही म्हणते, काल रात्री उशाशी होता." यानंतर पनवेलच्या घरातला सगळा शोध गुरुजींना ऐकू येतो. चष्मा फ्रिजवर सापडतो. "हां, बघ. आठ, चार, चार… हा बँकेचा आहे वाटतं. तुझा कुठला?" तोवर दहा मिनिटं होतात आणि ओटीपी मरतो. दुसरा मागवावा तर रेंज गेलेली असते. दादा मात्र प्रत्येक वेळी खूश होतात. निवृत्त शिक्षकाची इतक्या नेमाने विचारपूस करणारा दुसरा कोणी त्यांना उरलेला नाही.

पूर्वी विहीर खणायची म्हटलं की तळहातावर नारळ घेऊन पाणाड्या शिवारभर अनवाणी फिरायचा आणि एके ठिकाणी थबकून म्हणायचा, इथं लावा. गुरुजी हे रेंजचे पाणाडे. वाडीच्या कुठल्या दगडावर कुठलं सिम किती वाजता चालतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. टाकीवर खासगी कंपनीच्या दोन कांड्या, पण फोन पश्चिमेला कलता धरला तर. म्हसोबाच्या चौथऱ्यावर सरकारी कंपनी, पण फक्त बोलायला. डेटा मागितला की पडद्यावर ई उमटतो आणि तिथेच मुक्कामाला राहतो. पाटलांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात अधूनमधून फोरजी, पण गाय मारकी आहे. टॉवर डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यात. तिकडची वीज गेली की त्याची बॅटरी काही तास तग धरते आणि मग दोन्ही खोरी एकदमच गप्प होतात. संध्याकाळी सात ते अकरा टॉवर असूनही नसल्यात जमा, कारण पलीकडचं अख्खं गाव तेव्हा रील्स पाहत असतं. म्हणून पोर्टलचं काम करायचं ते पहाटे तीन ते पाच. कुठल्याही माहितीची अंतिम तारीख जवळ आली की महाराष्ट्रातले किती शिक्षक त्या वेळी जागे असतात, हे एकदा उपग्रहावरून कोणीतरी पाहायला हवं.

आता एवढ्या कष्टाने मिळवलेल्या रेंजवरून जातं काय? वर जाते ती माहिती. पट १९ असेल तर माणशी १०० ग्रॅमप्रमाणे एक किलो ९०० ग्रॅम तांदूळ शिजला, अमुक डाळ, अमुक तेल, हे रोज कळवायचं. स्वयंपाकाच्या ताईंनी खिचडी शिजवलेली असते, पोरांनी खाल्लेली असते, ताटं घासून पालथी घातलेली असतात. पण पोर्टलवर गेल्याशिवाय ती खिचडी सरकारदरबारी चुलीवरच असते. मग मुलांच्या माहितीचं सरल आहे, शाळेच्या माहितीचं यू-डायस प्लस आहे, पगाराचं शालार्थ आहे, मुलांचं आधार आहे. आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव यांत एका काना-मात्रेचा फरक पडला तर मूल संचमान्यतेच्या, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवायच्या, हिशोबात धरलं जात नाही. मूल समोर बसून नाक पुसत असतं, बाकावर पाय हलवत असतं, पण ते आहे हे सिद्ध करायला गुरुजींना टाकीवर चढावं लागतं. वर प्रत्येक मुलाचा अपार नावाचा बारा आकडी ओळख क्रमांक आला तो वेगळाच.

खालून वर इतकं जात असताना वरून खाली येतं काय, तर मेसेज. गुरुजी तालुक्याच्या ग्रुपवर आहेत, केंद्राच्या ग्रुपवर आहेत, पोषण आहाराच्या, तंत्रस्नेहींच्या, संघटनेच्या आणि मतदार यादीवाल्या बीएलओंच्याही. दिवसभर वर्गात असताना सगळे ग्रुप मुके असतात. टाकीवर पाय ठेवला की एकदम टणटण सुरू होते. "अत्यंत तातडीचे. आज दुपारी ४ पर्यंत." आज म्हणजे काल. "माहिती निरंक असल्यास निरंक म्हणून कळवावे." "अद्याप खालील शाळांची माहिती अप्राप्त आहे," आणि खाली यादीत आपल्या शाळेचं नाव पहिलं. "विलंबास आपण सर्वस्वी जबाबदार राहाल." हे सगळं वाचून झाल्यावर शेवटी साहेबांचं "शुभ सकाळ" येतं, त्यात एक गुलाबाचं फूल असतं, आणि ते उतरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

२०१६ च्या नोव्हेंबरात तर आदेश निघाला होता की गळती रोखण्यासाठी शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढावी आणि सरलवर चढवावी. राज्यभर ओरड झाली, आदेश स्थगित झाला. पण आमचे गुरुजी पडले तत्पर. त्यांनी सेल्फी स्टिक आधीच घेऊन टाकली होती. ती वाया गेली नाही. टाकीवर ती अडीच फुटांची उंची वाढवून देते.

अडचण झाली ती फोटोवर अक्षांश-रेखांश छापून यायला लागल्यापासून. शाळेच्या वेळेत गुरुजींनी टाकीवरून एक फोटो पाठवला आणि आठवड्याने कागद आला: आपण शालेय वेळेत शेजारील गावच्या हद्दीत आढळून आला आहात, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. ती टाकी दोन गावांची संयुक्त योजना होती आणि हद्द नेमकी शिडीवरून जात होती. म्हणजे शिडीला पाय लावेपर्यंत गुरुजी कर्तव्यावर, आणि वर पोचले की गैरहजर. त्यांनी पट्टीने रेघा मारून नकाशा काढला, सरपंचांचा दाखला जोडला, खुलासा लिहिला. खुलासा पीडीएफमध्ये अपलोड करायचा होता. तो त्यांनी टाकीवरूनच केला.

त्यातून झेला आला. कोणी म्हणेल पेटंट घ्यावं. गुरुजींना तेवढी हौस नाही. हद्दीत राहिलं तर रेंज नाही आणि रेंजमध्ये गेलं तर हद्दीत नाही, यावर उपाय एकच, हद्दीतल्या हद्दीत उंच जाणं. ध्वजस्तंभाचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता, पण ध्वजसंहिता आठवली आणि त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. मग शाळेमागच्या आंब्यासाठी ठेवलेला झेला दिसला. लांब बांबू, टोकाला जाळी. जाळीत एक मोबाइल ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा, पावसाळा असेल तर वरून दुधाची पिशवी बांधायची, आणि बांबू व्हरांड्याच्या खांबाला टेकवून सरळ उभा करायचा. खाली दुसऱ्या मोबाइलवर इंटरनेट उतरतं. झेला धरायचा मान चौथीतल्या थोराड मुलाचा. तो डावीकडे किती, उजवीकडे किती हे गुरुजींनी सांगायच्या आत ओळखतो. वारं सुटलं की दुसरा मुलगा त्याच्या कमरेला धरतो.

एकच खोट आहे. झेला वर असताना केंद्रप्रमुखांचा फोन आला की तो वरच वाजतो. गुरुजींनी रिंगटोन म्हणून आरती लावलेली आहे. पंधरा फुटांवरून घंटा-टाळांसकट आरती सुरू झाली की पहिलीतली मुलं टाळ्या वाजवतात आणि बांधावरचा म्हातारा टोपी काढून हात जोडतो. झेला खाली येईस्तोवर आरती आटोपते. "फोन का उचलत नाही?" असं केंद्रप्रमुखांनी विचारलं की गुरुजी खरं काय ते सांगतात: "सर, फोन उचललेलाच होता."

शाळा द्विशिक्षकी आहे, हे सांगायचं राहिलं. दुसऱ्या शिक्षिका बाई. गुरुजी वर असतात तेव्हा पहिली ते चौथी चारही वर्ग बाई एका खोलीत घेतात. एका भिंतीला बाराखडी, दुसऱ्या भिंतीला भागाकार. मुलांना वाचता येतं ते त्यांच्यामुळे, हे गुरुजी स्वतः सांगतात. बाईंना टाकीबद्दल तक्रार नाही. "तुम्ही निवांत चढा, सर," त्या म्हणतात. "तुम्ही खाली आलात की ही पोरं मोबाइल बघायला मागतात."

पोरांच्या वाट्याला इंटरनेट येतं कधी? येतं. पाठ्यपुस्तकात धड्यागणिक क्यूआर कोड असतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात असे कोड वापरून दाखवले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आमच्या गुरुजींना त्यांचा भारी अभिमान. ते तालुक्याला गेले की पतसंस्थेच्या बाहेरच्या बाकावर बसून पुस्तकातले सगळे कोड एकेक करून स्कॅन करतात, व्हिडिओ उतरवून घेतात आणि पेन ड्राइव्हवरून वर्गातल्या टीव्हीला लावतात. चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशांतून ग्रामपंचायतीने दिलेला तो टीव्ही. त्याला बाईंनी जुन्या पडद्याचं कव्हर शिवलंय आणि दसऱ्याला त्याची पाटी-पुस्तकांबरोबर पूजा होते. इतरांना ऑनलाइन येणारं सगळं काही ऑफलाइन करून दाखवणं ही या माणसाची खरी करामत. तंत्रस्नेहींच्या प्रशिक्षणात ती शिकवत नाहीत.

थेट असं काही मुलांनी एकदाच पाहिलं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरायचं होतं आणि शाळांनी मुलांना ते थेट दाखवावं अशा सूचना होत्या. संध्याकाळी वाडी शाळेत जमली. झेला उभा केला, दुधाची पिशवी बांधली, टीव्हीला मोबाइल जोडला. यान उतरत होतं तोवर ठीक चाललं. शेवटच्या टप्प्यात चित्र थांबलं आणि मध्ये ते गोल फिरायला लागलं. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर. तिथून निघालेला संदेश सव्वा सेकंदात बंगळूरला पोचत होता. बंगळूरहून डोंगराच्या पलीकडच्या टॉवरपर्यंतही तो आला असावा. राहिला फक्त डोंगर. ६ वाजून ४ मिनिटांनी यान उतरलं, देशभर फटाके वाजले, छत्रीवाला टीव्ही असलेल्या सरपंचांच्या घरून आरडाओरडा ऐकू आला. शाळेत गोल फिरतच होतं. झेलेकरी पोराने तीन पावलं डावीकडे सरकून बघितलं. शेवटी सव्वासहाच्या सुमारास चित्र हललं आणि वाडीसाठी यान पुन्हा एकदा उतरलं. टाळ्या पडल्या. त्या खऱ्या होत्या, उशिराच्या म्हणून काही कमी नव्हत्या.

पुढे चित्रकलेच्या तासाला 'आमची शाळा' काढायला सांगितलं तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने शाळा काढली, आंबा काढला, बाई काढल्या, टीव्ही काढला आणि टीव्हीच्या पडद्यावर मधोमध तुटक रेघेचं एक गोल वर्तुळ. ते चित्र मी पाहिलंय. रंग भरताना तिने वर्तुळाला सगळ्यात जास्त वेळ दिलेला दिसतो.

बरं, सरकारने केबल टाकलेलीच नाही असं नाही. गावोगावच्या ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. केबल गावातही आली. पण ती ग्रामपंचायतीपर्यंत, आणि ग्रामपंचायत गावठाणात. वाडी ओढ्यापलीकडे तीन किलोमीटरवर. ग्रामपंचायतीत एका पेटीत हिरवे दिवे लुकलुकायचे. पेटीच्या खोलीची किल्ली भाऊसाहेबांकडे, आणि भाऊसाहेब तीन गावांचे ग्रामसेवक असल्याने कायम उरलेल्या दोन गावांत. गुरुजी तरीही पायी जाऊन खिडकीशी उभे राहायचे. भिंतीतून थोडं बाहेर येतं म्हणे. मग नळयोजनेच्या पाइपसाठी जेसीबी आला आणि त्याने केबल उचकटून काढली. पाण्याची वाट लोक अजून पाहताहेत. इंटरनेटची पाहायचं सोडलंय. २०२५ च्या अर्थसंकल्पात सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली तेव्हा गुरुजींनी ती बातमी टाकीवर दोनदा वाचली. पहिल्या वाचनात आनंद झाला. दुसऱ्या वाचनात 'माध्यमिक' दिसलं. आमची शाळा चौथीपर्यंत.

तेव्हा शाळेचं इंटरनेट म्हणजे काय, तर गुरुजींचा खिसा. तीसच्या आत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, रंगरंगोटी, दहा टक्के स्वच्छतेला. रिचार्जचा नंबर लागेपर्यंत पैसे संपून मार्च आलेला असतो. तिन्ही सिमांची रिचार्जं घरखर्चातून होतात, आणि घरात ती 'शाळेची फी' या नावाने ओळखली जातात. पाच वाजता गुरुजी मोटरसायकलला किक मारतात आणि शाळेचं इंटरनेट त्यांच्या मागोमाग गावाला निघून जातं.

यू-डायसच्या अर्जात दरवर्षी प्रश्न असतो: शाळेत इंटरनेट उपलब्ध आहे काय? होय असेल तर १, नसेल तर २. गुरुजी टाकीवर उभे राहून विचार करतात. माहिती तर इंटरनेटवरूनच भरतोय. मग ते १ दाबतात. यू-डायस प्लसच्या अहवालांत देशातल्या इंटरनेट असलेल्या शाळांचं प्रमाण २०२१-२२ मध्ये ३३.९ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ५३.९ आणि २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के. केबली पडल्यात, राउटर बसलेत, शहरांतल्या शाळा जोडल्या गेल्यात, ते सगळं खरंच. पण या चढत्या आकड्यात टाक्या किती, कातळ किती आणि आंब्याचे झेले किती, हे वेगळं काढून दाखवणारा रकाना त्या अहवालात नाही.

आणि इथेच बाईंनी पहिल्यांदा आवाज चढवला. "सर, तुम्ही १ दाबलंत?"

कारण बदल्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी शाळा सर्वसाधारण क्षेत्रात की अवघड क्षेत्रात, यावर पुढचं सगळं अवलंबून. ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयात अवघड क्षेत्र ठरवायला सात निकष दिलेत: पाऊस, रस्ता, जंगली जनावरं, डोंगर वगैरे. सातांपैकी तीन जुळले पाहिजेत. त्यातला एक निकष आहे संवादछायेचा प्रदेश. म्हणजे जिथे मोबाइल लागत नाही असा भाग. आमच्या शाळेला पाऊस जुळत होता, डोंगर जुळत होता. तिसरा एवढाच. बाईंचा मुलगा तालुक्याला आजीकडे राहून शिकतो. अवघड क्षेत्रातली सेवा धरली गेली तर बदली मागायचा त्यांना हक्क मिळतो. आणि हे महाशय पहाटे उठून शाळेला संवादातून बाहेर पडू देत नाहीत!

"बाई, ती माहिती दिल्लीला जाते," गुरुजी म्हणाले. "संवादछाया जिल्ह्याची. दोघांची गाठ पडत नाही." एकाच शाळेत इंटरनेट आहे आणि फोन लागत नाही, ही दोन्ही उत्तरं एकाच टाकीवरून एकाच माणसाने भरायची, यात त्यांना काही वावगं वाटेना. वावगं कशाला वाटावं? दोन्ही खरीच होती.

पडताळणीला विस्तार अधिकारी आले. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी मोबाइल वर धरला. वर्गात धरला. स्वच्छतागृहाच्या मागे धरला. आंब्याखाली जाऊन दोन्ही हातांनी धरला. काही नाही. त्यांची मुद्रा समाधानी झाली. बाईंनी चहा केला. साहेबांनी बशीत ओतून अर्धा चहा घेतला आणि मग घड्याळ पाहून त्यांचा चेहरा उतरला. पडताळणीचा अहवाल शाळेतूनच, आजच, चारच्या आत लिंकवर भरायचा होता. चारला सात मिनिटं कमी होती.

"सर, तुम्ही तंत्रस्नेही ना? काही सोय?"

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी गुरुजींकडे पाहिलं. दोघांनी मग जमिनीकडे पाहिलं. असा एक क्षण गेला. तेवढ्यात दारात घुटमळणारं चौथीतलं ते थोराड पोर आत आलं. पाहुण्यांशी आपणहून बोलावं, हे बाईंनीच त्याला शिकवलेलं.

"साहेब, झेला उभा करू?"

गुरुजी काही बोलायच्या आत बांबू खांबाला लागला. साहेबांच्या मोबाइलवर शाळेच्या नावाचं वायफाय उमटलं. पोराने पासवर्ड सांगितला. तो शाळेचा यू-डायस क्रमांक होता, आणि अकराच्या अकरा आकडे त्याने पाढ्याच्या चालीवर म्हटले: सत्तावीस, आणि पुढचे. साहेबांनी ते एका बोटाने टाकले. लिंक उघडली. त्यांनी रकाने भरले. भ्रमणध्वनी सेवा: उपलब्ध नाही. इंटरनेट: उपलब्ध नाही. संवादछायेचा प्रदेश: होय. वर शाळेचा फोटो जोडला. त्यात व्हरांड्याचा खांब होता आणि खांबाला टेकवलेला झेलाही होता. साहेबांनी सबमिटवर बोट ठेवलं. गोल फिरलं नाही. लगेच हिरवी खूण आली: आपला प्रतिसाद नोंदवण्यात आला आहे.

साहेबांनी मोबाइलकडे पाहिलं, मग वर झेल्याकडे.

"स्पीड चांगलाय हो तुमचा," ते म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतू लागले. "आमच्या ऑफिसात एवढा मिळत नाही."